पोटॅशियम ६.९: चुकीच्या रक्ततपासणीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

वडोदरा, १९ मे २०२५

विषय: १२ मे रोजी घरी येऊन घेतलेल्या रक्ताचा चुकीचा रिपोर्ट

स.न.वि.वि.

तुमच्या वडोदऱ्याच्या शाखेशी आठवडाभर हिंदी-गुजरातीत बोलून झालं. मुख्य कार्यालय पुण्याला आहे म्हणून आता मराठीत लिहिते.

१२ मे रोजी सकाळी तुमच्या लॅबचा मुलगा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सासूबाईंचं रक्त घ्यायला आला. वय ७४, बीपीची गोळी चालू, दर सहा महिन्यांची नेहमीची तपासणी. शीर सापडेना. दोनदा टोचल्यावर जांभळ्या टोपणाची नळी भरली, पिवळ्या टोपणाच्या नळीत मात्र तळाशी जेमतेम रक्त. त्याने दोन्ही टोपणं काढली आणि जांभळीतलं थोडं पिवळीत ओतलं. मला वाटलं, गुणी मुलगा, म्हातारीला तिसऱ्यांदा टोचत नाही. वर मीच त्याला पन्हं दिलं.

रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर पीडीएफ. पोटॅशियम ६.९, ठळक अक्षरात. वरची मर्यादा ५.१. इतका आकडा आला की लॅबने आधी फोन करायचा असतो, हे मला नंतर कळलं. आम्हाला कोणाचाही फोन नाही. आमच्या डॉक्टरांना रिपोर्ट पाठवला, तर ते म्हणाले, हृदयाचे ठोके कधीही बिघडू शकतात, बीपीची गोळी देऊ नका, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठा. सासूबाई त्या वेळी गच्चीवर वाळवलेल्या कुरडया डब्यात भरत होत्या. तशाच रिक्षात घातल्या.

ईसीजी नॉर्मल. दुसऱ्या हाताचं रक्त घेतलं, तर पोटॅशियम ४.२. तरी खबरदारी म्हणून रात्रभर मॉनिटर लावून ठेवलं. सलाईनच्या सुईने मनगट काळंनिळं झालं ते आजही तसंच आहे.

सकाळी तिथले पॅथॉलॉजिस्ट आले. तुमचा रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रक्त निघायला त्रास झाला होता का? एका नळीतलं दुसरीत ओतलं का?" मी थक्क. ते तिथे नव्हते, त्यांना कसं कळलं? त्यांनी पोटॅशियम सोडून खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं: कॅल्शियम ५.४. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेलं असतं. ते पोटॅशियमचं क्षार, आणि कॅल्शियमला धरून ठेवणारं. ते पिवळ्या नळीत गेलं की पोटॅशियम फुगतं आणि कॅल्शियम आपटतं. खरंच ५.४ असतं तर सासूबाईंच्या हातापायांत मुंग्या आणि गोळे आले असते, कुरडया भरणं दूरच. हॉस्पिटलात कॅल्शियम ९.३ निघालं.

म्हणजे चूक तुमच्याच कागदावर दिसत होती. त्याखाली सही करणाऱ्या डॉक्टरांनी दोन ओळी एकत्र वाचल्या असत्या तर पुरलं असतं.

यावर तुमच्या कस्टमर केअरचं उत्तर: "मशीन बरोबर आहे, त्याच सॅम्पलवर पुन्हा टेस्ट केली, तेच आलं." येणारच! मशीनबद्दल माझी तक्रारच नाही. नळीत जे होतं ते त्याने इमानाने मोजलं. आणि भरपाई म्हणून काय, तर पुढच्या फुल बॉडी चेकअपवर वीस टक्के सूट. हा विनोद कोणी केला ते जरूर शोधा.

मला हवं आहे ते एवढंच. तो रिपोर्ट रद्द केल्याचं लेखी पत्र द्या. नाहीतर पुढचा प्रत्येक डॉक्टर सासूबाईंच्या फाइलमधला ६.९ पाहून दचकणार. तपासणीचे पैसे आणि हॉस्पिटलचं ११,४०० रुपयांचं बिल भरून द्या, झेरॉक्स सोबत जोडली आहे. त्या मुलाने त्या दिवशी आणखी कोणाकोणाच्या घरी रक्त घेतलं ते तपासा आणि त्यांना फोन करा. त्याला कामावरून काढू नका, शिकवा. रक्त कमी निघालं तर "पुन्हा टोचावं लागेल" म्हणायची त्याला भीती का वाटली, हे त्याच्या साहेबांना विचारा.

पोटॅशियम वाढेल या धास्तीने सासूबाईंनी तेव्हापासून केळं आणि शहाळं सोडलं आहे. रिपोर्ट खोटा होता हे त्यांना पटतं, पण घास हातात आला की पुन्हा विचारतात, "नक्की ना गं?"

तीस दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याने तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. मला तेवढी लागणार नाही.

कळावे,
रुग्णाची सून
(नाव, फोन व बिल क्रमांक सोबतच्या प्रतीवर)