मंत्रीसाहेब, आधी मादी हरणांचं बघा

माननीय मंत्री महोदय, स्कॉटलंड सरकार,

इंग्रजी पत्र तुमच्या ऑफिसला वेगळं पाठवलंय. हे मराठीत अशासाठी, की हायलँड्समध्ये (स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात) राहणाऱ्या आणि फिरायला येणाऱ्या आपल्या लोकांनीही वाचावं. इथे आलेला प्रत्येक जण रेड डिअरच्या कळपाचे फोटो काढतो आणि मागचे उघडेबोडके डोंगर मूळचेच तसे आहेत असं समजतो, मीही कितीतरी दिवस तसंच समजत होतो.

पण झाड उगवतं हो, फक्त गुडघ्याच्या वर येत नाही, कारण शेंडा आला की हरणं खातात. लांडगा इथे निदान अडीचशे वर्षं नाही, त्यामुळे संख्या आवरायची तर माणसानेच. तुमच्याच सरकारचा अंदाज आहे की सगळ्या जातींची मिळून 1990 मध्ये 5 लाख हरणं होती ती आता 10 लाखांच्या घरात गेलीत.

2023 मध्ये तुम्ही नरांच्या शिकारीचा बंद काळ काढून टाकलात, ते ठीकच. पण एक नर कितीतरी माद्यांना पुरतो, पाडस जूनमध्ये मादीलाच होतं, म्हणजे नर कितीही मारले तरी पुढच्या वर्षी कळप तेवढाच! आणि मादीचा सीझन 21 ऑक्टोबर ते 15 फेब्रुवारी, ऐन थंडीत, डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसहा तासांचा, बर्फातून ते धूड खाली ओढत आणायचं. पैसेवाला पाहुणा शिंगांसाठी येतो आणि शिंगं असतात नराला, मग मादी मारायचा खर्च इस्टेटवाला, म्हणजे या डोंगरांचा खासगी मालक, कशाला करेल?

मला हे लिहिताना बरं वाटत नाही. आमच्याकडे विदर्भात रोही नि रानडुकरं उभं पीक खातात, लोक रात्र रात्र मचाणावर जागतात, तरी जनावर मारा म्हणताना जीभ अडखळते. पण मार्चमध्ये इथे ओढ्याकाठी हाडं वर आलेली, उपाशी मेलेली हरणं बघितलीत का तुम्ही? ते मरण बंदुकीपेक्षा वाईट आहे.

सगळीकडे कुंपण घाला असंही सांगू नका, कॅपरकेली पक्षी त्या जाळ्यांवर आपटून मरतात. क्रेग मेगी या हायलँड्समधल्याच डोंगरावर 1985 नंतर कुंपण न घालता नुसती हरणं कमी केली आणि बर्चचं रान आपसूक परत आलं, ग्लेन फेशीच्या खोऱ्यात पाइन आलेत, जाऊन बघा.

केर्नगॉर्म्स नॅशनल पार्कमध्ये जास्तीच्या मारलेल्या माद्यांमागे पैसे द्यायचा प्रयोग झालाय ना, तो कायमचा करा, सगळ्या डोंगरी भागात न्या. गावोगावी सामायिक कोल्ड स्टोरेज द्या, स्टॉकर लोकांना (हरणं मारायचं काम करणाऱ्या शिकाऱ्यांना) हिवाळाभराचा पक्का पगार द्या (तरुण पोरं या कामात टिकतील तरी), आणि हे मटण शाळांच्या, हॉस्पिटलांच्या किचनमध्ये जाऊ द्या. येत्या 21 ऑक्टोबरच्या आत पैसे मंजूर झाले तरच या हिवाळ्यात काही होईल, नाहीतर जूनमध्ये पुन्हा पाडसं आहेतच.

आपला,
इन्व्हरनेसला राहणारा एक वैदर्भीय