चि. अनिकेत यास, केप कॉडच्या मुक्कामी

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, 8 जून

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

गुरुवारी गाडीत सामान भरताना मी जे बोललो, ते निघत्या वेळी बोलायला नको होते. "दुसऱ्यांच्या मुलांना चेंडू टाकून देण्यासाठी का तो हात दुरुस्त करून घेतला?" हे वाक्य केप कॉडच्या वेशीवरच्या बोर्नच्या पुलापर्यंत तुझ्या कानात राहिले असेल, माझ्या कानातून ते तीन दिवस गेलेले नाही. फोनवर आपले बोलणे दुसऱ्या मिनिटाला इंग्रजीत जाते आणि तिसऱ्या मिनिटाला भांडणात, म्हणून हे मराठीत लिहितो आहे. रविवारच्या मराठी शाळेत तुला रडत नेले, त्याचा आज तरी उपयोग होऊ दे. जोडाक्षर अडले तर आईला विचार. मजकूर मात्र तिला वाचून दाखवू नकोस.

काल नेनेकाका आले होते. तू केप कॉडला बेसबॉलच्या कोणत्या संघाकडे गेलास, ही कोणती लीग, असे त्यांनी विचारले आणि मी अर्धा तास बोलत राहिलो. दहा गावांचे दहा संघ, जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येकाचे चाळीसच्या आसपास सामने, देशभरच्या कॉलेजांतून निवडून आलेली आणि गावातल्या कुटुंबांकडे उतरलेली मुले, शाळेच्या मैदानावर घरची खुर्ची घेऊन येणारे प्रेक्षक, हे सगळे सांगितले. कॉलेजात धातूच्या बॅटने खेळणाऱ्या मुलांच्या हाती तिथे 1985 पासून लाकडी बॅट येते आणि पहिले काही आठवडे भल्याभल्यांची त्रेधा उडते, हेही सांगितले. आतल्या बाजूला टाकलेला चेंडू धातूच्या बॅटला मुठीजवळ लागला तरी कसाबसा मैदानात जाऊन पडतो, लाकडाची मात्र त्याने शकले होतात, आणि म्हणून कॉलेजात आत टाकायला घाबरणाऱ्या पिचरला ते धाडस शिकवायला हाच उन्हाळा योग्य, हे तुझेच म्हणणे मी माझे म्हणून खपवले. "आमचा अनिकेत तिथे पिचिंग कोचच्या हाताखाली आहे," हे वाक्य मी किती वेळा म्हटले, ते आईने मोजले, चार. नेनेकाकांनी पगार विचारला, तो मला ऐकू आला नाही.

ते गेल्यावर मी पुन्हा त्याच हिशेबाला लागलो. मुख्य कोच संघ ठरवणार, पिचिंग कोच बुलपेन, म्हणजे पिचरांची हात गरम करण्याची जागा, सांभाळणार, आणि सर्वांत तरुण असलेला तू सामन्याआधी जाळीच्या आडोशामागून फलंदाजांना चेंडू टाकणार. दहा मुले, प्रत्येकाला वीस-पंचवीस चेंडू, म्हणजे दिवसाला दोनशेच्या वर, आणि आठवड्यात सुट्टी जेमतेम एक. "ते लॉब असतात, बाबा," म्हणजे हळू, उंचावून टाकलेले चेंडू, असे तू म्हणतोस. असतील. पण मनगटातला स्नायुबंध काढून कोपरात बसवलेला हात लॉब आणि फास्टबॉल यांतला फरक जाणतो का, हे मला कोणी सांगितलेले नाही. टॉमी जॉन या पिचरवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा झाली ती 1974 साली, आणि त्यानंतर त्याने 164 सामने जिंकले, हे तू मला रुग्णालयाच्या खाटेवरून ऐकवले होतेस. मला ते पाठ आहे. त्याला नंतर दोन महिने रोज दोनशे लॉब टाकायला कोणी लावले होते का, एवढेच माझे विचारणे आहे.

हाताचे काढणार नव्हतो. पाहा, दुसऱ्याच पानावर आलो.

खरे तर मला तुझ्या कामाविषयी लिहायचे होते. प्रत्येक पिचरमागे त्याच्या कॉलेजच्या कोचचा निरोप येतो, की याला इतक्याच इनिंग द्या, त्याला अमुक दिवस विश्रांती द्या, आणि ती नोंद ठेवण्याचे काम तुझ्याकडे आहे, हे ऐकून मला फार बरे वाटले. ते काम कारकुनाचे समजू नकोस. जुलैत कोणी ड्राफ्टमुळे, म्हणजे व्यावसायिक संघाने निवडल्यामुळे, जाईल, कोणी दमून घरी जाईल, पिचर कमी पडतील, सामना अटीतटीचा असेल आणि मुख्य कोच म्हणतील, आणखी एक इनिंग. त्या वेळी तुझ्या हातातल्या चेंडू मोजायच्या क्लिकरवर जो आकडा असेल, तो मोठ्याने सांगायचा. मुलगा "मी ठीक आहे" म्हणेल; त्याच्या म्हणण्याला अर्थ नसतो, कारण एकोणीस वर्षांच्या मुलाला मैदानातून बाहेर जायचे नसते. तुला नोकरीत पुढे जायचे आहे, वरिष्ठांना दुखवायचे नाही, हे मला समजते, तरीही

माफ कर. हे भाषण झाले. तुला यातले माझ्यापेक्षा अधिक कळते.

तुझ्याच लीगमधल्या चॅटम संघाचे मुख्य कोच म्हणून जॉन शिफनर 1993 ते 2017 असे पंचवीस उन्हाळे उभे राहिले. स्कॉट पिकलर यांनी यार्मथ-डेनिस संघाचे मुख्य कोच म्हणून 1998 मध्ये सुरुवात करून सहा विजेतेपदे मिळवली. दरवर्षी नवी मुले, दोन महिन्यांत निरोप, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून. असे वाचले की मला शिवाजी पार्क आठवते. दादरचा प्रत्येक माणूस सचिनला लहानपणी पाहिल्याचे सांगतो, म्हणून मी ते सांगत नाही. पण आचरेकर सरांना स्कूटरवरून येताना मी कट्ट्यावरून पाहिले आहे, आणि त्यांची स्कूटर दिसताच हातातली भेळ खाली ठेवणारी मुलेही पाहिली आहेत. सर म्हणजे सर. तिथे आईबाप मैदानाच्या कडेला थांबत आणि बोलत नसत. मी तेच शिकून या देशात आलो.

म्हणून त्या मे महिन्यात मी बोललो नाही. तू सतरा वर्षांचा होतास. माझ्या वहीत तू टाकलेल्या चेंडूंच्या रेघांचे गठ्ठे होते, पाचापाचाचे, आणि सातव्या इनिंगच्या शेवटी ते सव्वीस झाले, वर एक रेघ. त्या वयाला दिवसाचे कमाल 105 चेंडू, हे तरुण पिचरांचे हात जपण्यासाठीच्या पिच स्मार्ट या नियमावलीच्या तक्त्यात 2014 पासून छापलेले होते आणि तो तक्ता मी वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. तुझ्या कोचने तुला विचारले, तू मान हलवलीस. मी जाळीपासून दहा पावलांवर होतो. जाऊन वही दाखवायची होती, इतकेच. मी पेन्सिलीला टोक काढत बसलो. कोपराचे दुखणे पुढच्या वर्षी निघाले, आणि डॉक्टर म्हणाले की एका दिवसाने असे होत नाही. आईने ते मानले. तुला हे आजवर सांगितले नाही, आणि गुरुवारी जे बोललो ते तुला उद्देशून नव्हते, असे आता वाटते.

असो. डाव्या खणात लसणाची चटणी आणि मेतकूट आहे. ज्यांच्या घरी उतरला आहेस त्यांना मेतकुटाचा वास आधी देऊन बघ, मग डबा उघड. कोपरावर बर्फ लावतोसच.

4 जुलैच्या आठवड्यात आम्ही दोघे दोन दिवस येतो आहोत. खुर्च्या काढून ठेवल्या आहेत. संध्याकाळचा सामना पाहायला येईनच, पण मला सरावाच्या वेळेलाही यायचे आहे, आणि तू किती चेंडू टाकतोस ते मोजायचे आहे. तुझ्या मुख्य कोचना ते चालेल का, हे आधी विचारून घे. वही माळ्यावरून काढली आहे, बरीच पाने कोरी आहेत. आणू की नको, ते कळव.

तुझा,
बाबा