निधी किलोमीटरसाठी नको, सलग सायकल मार्गासाठी मागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यात सायकल मार्गाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो पैशाचा, आणि मग केंद्राकडे निधी मागायचे ठरते. मागावाच. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात सायकल आणि पादचारी मार्गांना प्राधान्य देऊ असे केंद्राने लिहूनच ठेवले आहे, तेव्हा यात संकोच कसला? माझे म्हणणे मागण्याच्या रीतीबद्दल आहे. आपण किलोमीटर मोजून पैसे मागतो, त्यामुळे किलोमीटर मिळतात. सायकलवरून जाता येईल असा रस्ता मिळत नाही.

मी निवृत्त फिटर. ३१ वर्षे पहिल्या पाळीला सायकलने गेलो. आजही दळण, भाजी, बँक सगळे सायकलवरच. आमच्या भागात पदपथाला लागून लाल रंगाचा सायकल मार्ग आहे. मध्यंतरी नातवाला कॅरिअरवर बसवले आणि मला किती वेळा उतरावे लागते ते मोजायला सांगितले. दीड किलोमीटरमध्ये १९ वेळा! सोसायटीचे फाटक आले की मार्ग संपतो, पलीकडे पुन्हा वीतभर कड. एके ठिकाणी मधोमध विजेची डीपी. बसथांब्यापाशी तर मार्ग थांब्यातच शिरतो आणि परत बाहेर येत नाही.

सगळ्यात कहर सुरुवातीलाच आहे. दुचाक्या शिरू नयेत म्हणून तोंडाशी तीन लोखंडी खांब रोवले होते. मधला कोणीतरी कापून नेला, बुडखा तेवढा राहिला, चार बोटे उंच. स्कूटरवाल्यांना तो पाठ झाला आहे, ते त्याच्या कडेने झोकात आत जातात. अंधारात आदळतो तो सायकलवाला. माझी पुढची रिम तिथेच वाकली. तक्रार घेऊन एका कार्यालयात गेलो, तर तिथला मुलगा म्हणाला, ‘काका, ते काम योजनेतले होते. योजना कधीच संपली.’

उत्तर उद्धट नव्हते. खरे होते, म्हणून जास्त लागले. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर सुधारणा योजनेचे दिवस आठवा. पुण्यासारख्या शहरासाठी केंद्राचे ५० टक्के, राज्याचे २० आणि पालिकेचे ३० असा हिशेब होता. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बसला वेगळी मार्गिका देणारी सेवा, आली, तिच्या सोबतीला सायकल मार्गही आले. पण तो पैसा बांधण्यासाठी होता, राखण्यासाठी नव्हे. खांब गेला तर नवा कोणी बसवायचा, पेव्हर ब्लॉक खचला तर कुठल्या खात्याने बघायचे, मार्गावर टपरी आली तर कोणाला फोन करायचा, हे प्रस्तावातच नसेल तर नंतर कोणी आपणहून अंगावर घेत नाही. २०१७ च्या अखेरीस सायकल आराखडा मंजूर झाला, त्यात तब्बल ८२४ किलोमीटरचे जाळे होते. आकडा वाचून तेव्हा माझीही छाती फुगली होती. आज त्यातले न उतरता पार करता येतील असे सलग आठ किलोमीटर कोणी दाखवले, तर चहा माझ्याकडून.

शेजारच्या पिंपरी-चिंचवडने २०२५ मध्ये हरित सेतूसारख्या, पायी आणि सायकलने जाण्याच्या रस्त्यांच्या कामांसाठी २०० कोटींचे हरित रोखे काढले. ते कर्ज आहे, फेडावे लागणार, त्या धाकाने तरी कामाकडे लक्ष राहील अशी आशा धरू. अनुदान फेडावे लागत नाही, आणि तोच त्याचा दोष. स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६-०७ च्या सुमारास साधारण ८० किलोमीटरचे मार्ग एका दमात, एकमेकांना जोडून आणि मोटारींपासून वेगळे काढून बांधले. लोक सायकलकडे वळले ते त्यानंतर. ‘आपल्याकडे उकाडा असतो’ म्हणणाऱ्यांनी सेव्हिलचा उन्हाळा एकदा बघावा.

तेव्हा पुढचा प्रस्ताव लहान करा. एक शाळा, एक मंडई, एक बसस्थानक जोडणारा दोन-तीन किलोमीटरचा मार्ग पुरे, पण चौकासकट. आपले मार्ग नेमके चौकाच्या तोंडाशी सोडून देतात, आणि घाबरायला होते ते तिथेच. फाटकांपुढे मार्ग खाली उतरवू नका, गाड्यांनीच चढून यावे. नुसता रंग नको, पक्की कड हवी. पाच वर्षांची देखभाल निविदेतच घाला. पार्किंग जाणार म्हणून दुकानदार ओरडतील. त्यांच्याशी आधीच बोला, उद्घाटनानंतर नव्हे.

आणि ठेकेदाराचे शेवटचे बिल एका अटीवर काढा. त्याने आणि अभियंत्याने दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लावलेल्या सायकलवरून, जमिनीला पाय न टेकवता, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन दाखवावे. तेही संध्याकाळी सात वाजता. सायकल नसेल तर माझी न्या, रिम सरळ करून घेतली आहे.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, पुणे