बादली माझी होती, चाचा

चाचा, सलाम.

माझ्या ट्रॅक्टरचं तडकलेलं इंजिन तुम्ही जोडून दिलंत, त्याचं हे जाहीर आभारपत्र. नाव लिहायचं नाही आणि फोन नंबर तर मुळीच द्यायचा नाही, असं तुम्ही बजावलंत. "दारात आधीच दहा इंजिनं पडलीत, अजून कुठं ठेवू?" म्हणून नुसतं चाचा. नाशिकच्या अंबड लिंक रोडला ज्यांनी कधी जुनं इंजिन नेलं असेल, ते ओळखतीलच.

आभार मानायच्या आधी एक कबुली. मी तुमच्याशी खोटं बोललो होतो.

जानेवारीत पिकअपमधून ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा बिडाचा मुख्य सांगाडा, उतरवला तेव्हा मी सांगितलं, "निफाडची थंडी, चाचा. रात्रीत पाणी गोठलं आणि ब्लॉक तडकला." आमच्याकडं हे कुणालाही पटतं. पारा घसरला की पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, पेपरात निफाडचं नाव येतं. तुम्ही वाद घातला नाहीत. तड्यावरून अंगठा फिरवलात आणि विचारलंत, "पाणी कुठलं घातलं? विहिरीचं का बोअरचं?"

विहिरीचं. लासलगावला कांद्याची ट्रॉली खाली करून चांदोरीला परत येत होतो. फॅनचा पट्टा सैल होता, रेडिएटरच्या जाळीत कांद्याची टरफलं अडकलेली. घरी पोचेपर्यंत वाफेचा लोट. इंजिन बंद केलं, जरा वाफ बसल्यावर फडक्यानं झाकण काढलं आणि गार पाण्याची बादली ओतली. आतून 'टण्ण' असा आवाज आला. तो मी ऐकला होता, चाचा. घरात आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

हा ट्रॅक्टर अप्पांचा. इंटरनॅशनल बी-२७५. महिंद्रांनी १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून ट्रॅक्टर बनवायला घेतले, त्यातलं हे मॉडेल. पोळ्याला बैलांच्या शेजारी यालाही हळद-कुंकू लागतं. तुमच्याआधी दोघांना दाखवला. एक म्हणाला, भंगारात घाला, वजनावर पैसे येतील. दुसरा त्याच संध्याकाळी वेल्डिंग मारून द्यायला तयार होता, तेही स्वस्तात. मी हो म्हणणारच होतो.

तुम्ही सरळ नाही म्हणालात. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, लवचीकपणा नसतो. एकाच जागी आग लागली की तेवढाच भाग फुगतो, गार होताना आकसतो आणि टाक्याच्या शेजारी नवा तडा जातो. वेल्डिंग नीट करायचं तर सगळा ब्लॉक तापवायचा, निकेलच्या रॉडनं इंच-इंच भरायचं, दर वेळी हातोडीनं ठोकायचं आणि मग राखेत पुरून सावकाश गार होऊ द्यायचा. एवढं करूनही सिलिंडरचं भोक वाकडं झालं तर? "वेल्डिंग वाईट नाही," तुम्ही म्हणालात, "घाईचं वेल्डिंग वाईट."

पहिला प्रश्न तुम्ही ऑइलचा विचारलात. डिपस्टिकवर ऑइल दुधासारखं पांढरं दिसलं होतं का? नव्हतं. म्हणजे पाणी आत शिरलेलं नाही, तडा वॉटर जॅकेटच्या, म्हणजे सिलिंडरभोवती पाणी फिरतं त्या पोकळीच्या, बाहेरच्या भिंतीत आहे. तसं नसतं तर ब्लॉक परत न्या म्हणाला असता, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत.

मग ते रॉकेल आणि खडू. रॉकेल चोळलं, कोरडं पुसलं, वर खडूची पूड भुरभुरली आणि दहा मिनिटं चहा. पुडीवर काळी रेघ उमटली. मला चार इंच दिसत होता तो तडा सहा इंच निघाला! दोन्ही टोकांना भोक पाडून तुम्ही त्याला आधी थांबवलंत. आडव्या खाचा पाडून पट्ट्या ठोकल्यात, म्हणजे तो पुन्हा उघडायला नको. त्यानंतर पिना. दोन सुती, म्हणजे पाव इंची भोक, आटे पाडायचे, पिन आवळायची, डोकं कापायचं. पुढचं भोक आधीच्या पिनेचा काठ खाऊन. सहा इंचांत छत्तीस पिना. मी मोजत बसलो होतो, कारण तुम्ही मला दुसरं काहीच करू देत नव्हतात.

हेडच्या, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणाच्या जागी प्लेट बसवून हवा भरली, साबणाचं पाणी लावलं, तर दोन पिनांशी बुडबुडे. मला वाटलं, एवढं चालतं. तुम्ही दोन्ही पिना काढल्यात आणि नव्यानं केल्यात. तीन आठवडे गेले. मधे दोनदा मी फोनवर चिडलो, त्याबद्दल माफ करा.

पैसे तुम्ही घेतलेत, चोख घेतलेत. ते बरं वाटलं. फुकट काम करून घेतलं असतं तर हे पत्र लिहिताना लाज वाटली असती.

ट्रॅक्टर आता पुन्हा कांदा ओढतोय. रोज सकाळी बॅटरी मारून पिनांची रांग बघतो, ओल नाही. निघताना तुम्ही घरच्यांसमोर हसून म्हणाला होतात, "थंडीनं फुटलं होतं, काय?" आणि पुढं काहीच बोलला नाहीत. त्याचेच आभार सगळ्यात जास्त.

आता हे आईही वाचेल, भाऊही. बादली मी गोठ्यात हलवली आहे. दसऱ्याला पूजेला या, चहा तुमच्यासारखा कडक करू.

तुमचा,
चांदोरीचा बी-२७५ वाला