मोत्याला सोडू नका, औषध द्या

चि. मनीषास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज रडवेला होता. मोत्याच्या शीत शेवयांसारखे पांढरे जंत निघाले, घरात रांगती ईरा, म्हणून सासूबाई पिल्लू सोडून द्या म्हणतायत. त्यांची काळजी खोटी नाही. पण पिल्लू सोडायची गरज नाही. जनावरांच्या दवाखान्यात माझी हयात गेली, म्हणून सविस्तर लिहितो. त्यांनाही वाचून दाखव.

हे गोल जंत पिल्लाला बहुतेक वेळा आईच्या पोटातच मिळतात. कुत्रीच्या अंगात त्यांच्या अळ्या निपचित पडून असतात. ती गाभण राहिली की त्या जाग्या होतात आणि वारेतून पिल्लांत शिरतात. काही दुधातूनही जातात. म्हणून गुबगुबीत पिल्लाच्याही पोटात जंत असतात, आणि ते महिन्याभराचं होतंय तोवर शीतून अंडी पडू लागतात. तुम्ही काही हयगय केली असं अजिबात नाही.

ताज्या शीतल्या या अंड्यांनी लागण होत नाही. आत अळी तयार व्हायला दोन-तीन आठवडे तरी लागतात. मग मात्र ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात, फिनाईललाही दाद देत नाहीत. म्हणून शी रोजच्या रोज उचलायची, हात साबणाने धुवायचे. खरी भीती ईरा अंगणातली माती तोंडात घालते त्याची. माणसाच्या पोटात हा जंत मोठा होत नाही. त्याची अळी भरकटत यकृतात, फुफ्फुसात जाते, क्वचित डोळ्यात. डोळ्यात गेली तर नजर जाऊ शकते, म्हणून इतकं कळकळीने सांगतोय.

आणखी एक. मोत्याला मटणाच्या दुकानातलं कच्चं काळीज, फोपसं कधीही घालू नका. शेळ्या-मेंढ्यांच्या शवविच्छेदनात या अवयवांत मी पाण्याने भरलेले फोड पाहिलेत. जाड पांढरट कवच, सुरी लागली की पाण्यासारखा स्वच्छ द्रव उडतो, आणि तळाशी बारीक रेतीदार गाळ. त्या गाळात पट्टकृमीची, म्हणजे पट्टीसारख्या चपट्या जंताची, पिल्लावळ असते. कुत्र्याने तो फोड खाल्ला की त्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटरचे जंत होतात, शीत दिसतही नाहीत. यांची अंडी मात्र पडल्या पडल्या माणसाला लागू शकतात, आणि तसलाच फोड माणसाच्या यकृतात नाहीतर फुफ्फुसात मुकाट्याने वाढत राहतो. पुष्कळदा ऑपरेशनच करावं लागतं. आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात हा रोग फार होता. कुत्र्यांना जंतांचं औषध देऊन आणि कच्चे अवयव त्यांच्या तोंडी पडू न देऊन त्या लोकांनी तो हद्दपार केला. मग आपल्याला एका घरात का जमू नये?

मोत्याला या आठवड्यातच दवाखान्यात ने. औषध वजनावर ठरतं, तेव्हा वजन तिथेच करून घे, माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नकोस. तो दोन-तीन महिन्यांचा होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी औषध, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा, पुढे साधारण दर तीन महिन्यांनी. पिसवांचंही औषध माग, पिसू चुकून बाळाच्या पोटात गेली तर तिच्यातूनही एक पट्टकृमी होतो.

ईराला बरेच दिवस ताप, खोकला राहिला किंवा एखादा डोळा तिरळा वाटला, तर घरात पिल्लू आहे हे तिच्या डॉक्टरांना आवर्जून सांग. त्यावरून कोणती तपासणी करायची ते त्यांना ठरवता येईल.

तुझे बाबा