पीएच.डी.ची नोंदणी आधी तात्पुरतीच असावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा) किंवा नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) यांचे निकाल लागले की पीएच.डी.च्या रिक्त जागा, मुलाखतीचे गुण आणि मार्गदर्शकांची टंचाई यांवर वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते. प्रवेश मिळाल्यावर मात्र संशोधकाची नोंदणी कोणत्या टप्प्यावर पक्की होते आणि त्या वेळी नेमके काय तपासले जाते, याची फारशी चर्चा होत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनुसार संशोधकाने १२ ते १६ श्रेयांकांचा (क्रेडिट) कोर्सवर्क, म्हणजे संशोधनाची तयारी करून घेणारा अभ्यासक्रम, किमान ५५ टक्के गुणांनी पूर्ण करायचा असतो आणि प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर कामाची प्रगती मांडायची असते. सुधारणा सुचवूनही काम पुढे सरकले नाही, तर कारणे नोंदवून नोंदणी रद्द करण्याची शिफारस ही समिती करू शकते. कागदावर व्यवस्था चोख आहे. परंतु अशा समित्यांवर अनेक वर्षे बसल्यानंतर मी सांगू शकतो की, अहवालाखाली ‘प्रगती समाधानकारक असून काम पुढे चालू ठेवण्यास हरकत नाही’ हे वाक्य बहुधा आधीच टंकलेले असते आणि सदस्यांनी फक्त सही करायची असते. ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ हे एकच प्रकरण किरकोळ फेरफारांनिशी लागोपाठच्या सत्रांत समोर आलेले मी पाहिले आहे. समितीचा निमंत्रक स्वतः मार्गदर्शकच असल्यामुळे सहकाऱ्याला अडचणीत आणण्यास सहसा कोणी धजावत नाही.

ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्याची पहिली नोंद एम.फिल. या पीएच.डी.खालच्या संशोधन पदवीसाठी होते आणि लेखी काम व तोंडी परीक्षा यांत उतरल्यावरच ती पीएच.डी.मध्ये वर्ग केली जाते. ऑक्सफर्डमध्ये तर सुरुवातीला त्याला परिवीक्षाधीन संशोधक म्हणतात. मार्गदर्शकाव्यतिरिक्त दोन परीक्षक त्याचे काम वाचून त्याची मुलाखत घेतात आणि पुढे आणखी एकदा त्याची पुष्टी होते. परदेशातले सगळेच उचलावे असे मी म्हणत नाही. पण तिथे अपात्र ठरलेल्याला खालची पदवी घेऊन सन्मानाने बाहेर पडता येते, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. आपल्याकडे ते काम काही अंशी एम.फिल. करत असे आणि ती पदवी याच विनियमांनी बंद झाली. आता चार वर्षे खपून ज्याने काम सोडले, त्याच्या हाती कोर्सवर्कच्या गुणपत्रिकेखेरीज काही उरत नाही.

गंमत अशी की, आयोगाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती (जेआरएफ), म्हणजे संशोधनासाठीची मासिक शिष्यवृत्ती, मिळालेल्याला दोन वर्षांनी वरिष्ठ अधिछात्र होताना, म्हणजे दरमहा ३७,००० रुपयांवरून ४२,००० रुपयांवर जाताना, बाहेरचा विषयतज्ज्ञ असलेल्या त्रिसदस्य समितीपुढे उभे राहावे लागते. पाच हजारांच्या वाढीसाठी बाहेरचा तज्ज्ञ लागतो, पण अधिछात्रवृत्ती नसलेल्या बहुसंख्य संशोधकांची नोंदणी पुढे चालू ठेवताना तो लागत नाही.

याची किंमत नव्या विद्यार्थ्यांना मोजावी लागते. सहायक प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त चार संशोधक असू शकतात. त्यांतील दोघे सहा वर्षे नुसते नावाला राहिले, तर तेवढ्या जागा अडून राहतात. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या विषयाचा एकच मान्यताप्राप्त मार्गदर्शक असेल, तर तिथल्या मुलांना दारच बंद होते.

म्हणून विद्यापीठांच्या विद्या परिषदांनी पहिली नोंदणी तात्पुरती ठेवावी. साधारण दीड वर्षांनी संशोधकाने संदर्भसाहित्याचा आढावा, संशोधनपद्धती आणि एक पूर्ण प्रकरण सादर करावे, ते दुसऱ्या विद्यापीठातील परीक्षकाने वाचावे आणि त्याचा लेखी अभिप्राय संशोधकाला मिळावा. पहिल्यांदा अपयश आले तर सहा महिन्यांनी आणखी एक संधी असावी. त्यानंतरही जमले नाही तर कोर्सवर्क आणि झालेल्या कामाच्या आधारे पदव्युत्तर पदविका देऊन त्याला मोकळे करावे. आयोगाच्या विनियमांत याला आडकाठी मला तरी दिसत नाही.

दोन पथ्ये मात्र पाळावी लागतील. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी तात्पुरत्या नोंदणीचाच दिनांक ग्राह्य धरावा. अन्यथा गरजू विद्यार्थी दीड वर्ष पैशांवाचून राहतील. आणि काम सादर केल्यापासून ६० दिवसांत विद्यापीठाने परीक्षकाचा अहवाल मिळवला नाही, तर नोंदणी आपोआप कायम झाली असे समजावे, कारण आपल्याकडच्या दिरंगाईचा भुर्दंड आजवर संशोधकांनीच सोसला आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त संशोधन मार्गदर्शक