पुरात गेलेली वही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

छोट्या उद्योजकांच्या मार्केटिंगवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. 'सणासुदीला भरघोस सवलत द्या' हा त्यातला सल्ला मी एकदा पाळून बसले आहे, म्हणून हे पत्र.

चिपळूणला घरीच कुळथाचे पीठ, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी करून विकते, त्याला वीस वर्षे होऊन गेली. भाजणीचे अर्ध्या किलोचे पाकीट १५० रुपयांना. धान्य, गॅस, दळण, पाकीट आणि मदतीला येणाऱ्या दोघींची मजुरी वजा जाता हातात ३० रुपये राहतात. एका शिबिरात ऐकून आले आणि गणपतीत २० टक्के सवलतीची पाटी लावली. २० टक्के म्हणजे नेमके तेच ३० रुपये! चाकरमान्यांची गर्दी झाली, हात भरून येईपर्यंत भाजले, आणि उरले काय तर रिकामे डबे. दसऱ्याला पाटी काढली तशी नवी गिऱ्हाइके फिरकली नाहीत. दादरच्या जुन्या काकूंनी तर विचारले, "म्हणजे इतकी वर्षं आमच्याकडून जास्त घेत होतीस की काय गो?" मला उत्तर सुचले नाही.

कुणाला कुळीथ जाडसर दळून हवा, कुणाच्या मेतकुटात हिंग नको, कोण मे महिन्यात येते आणि कोण फक्त गणपतीत, हे सगळे मी एका वहीत लिहून ठेवत असे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी घरात शिरले. पीठ गेले, मिक्सर गेला, त्यांचे पंचनामे झाले. वहीचा पंचनामा कोण करणार? पुढे दीड महिन्यावर गणपती, आणि फोन करायला एक नंबर हाताशी नाही. ज्यांच्या स्वयंपाकघरात आमचे जुने पाकीट शिल्लक होते, त्यांनी त्यावरचा नंबर पाहून फोन केले. तो नंबर इतका बारीक छापला होता, की एका आजींनी नातवाकडून वाचून घेतला म्हणे. आता तो अंगठ्याएवढा छापते, आणि वहीची एक प्रत लेकीकडे रत्नागिरीला असते.

रील्सना माझा विरोध नाही. भाची करते, बघायला बरे वाटते. पण रील पाहून आलेल्याला दुसऱ्या खेपेला तीच चव मिळाली पाहिजे ना? १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे बायका पापड घरी लाटतात, पण पीठ केंद्रातच मळलेले मिळते. चव एकसारखी राहते ती त्यामुळे. लेखात याबद्दल चकार शब्द नाही.

पुढच्या वेळी सवलतीचा सल्ला छापाल तेव्हा ते पैसे कुणाच्या मजुरीतून कापायचे, तेवढा हिशेबही शेजारी चौकटीत द्यावा, ही विनंती.

आपली,
एक गृहउद्योजिका, चिपळूण